पेटींतला वाद्यवृंद : योहान नेपोमुक मेल्झेल

संगीताच्या इतिहासांत कांहीं नांवें रचनाकारांचीं आहेत, कांहीं गायकांचीं व वादकांचीं आहेत. परंतु ज्यानें स्वतः एकही अमर रचना केली नाहीं, आणि तरीही ज्याचें नांव शिकाऊ मुलाच्या पुस्तकापासून मोठ्या वाद्यवृंदाच्या स्वरलिपीपर्यंत पोहोंचलें, असा मनुष्य विरळाच. पाश्चात्य पद्धतीच्या संगीतपुस्तकांत रचनेच्या आरंभीं दोन एम् अक्षरें व त्यांपुढें एक आंकडा पुष्कळदां आढळतो. त्यांतील पहिलें अक्षर मेल्झेल या नांवाचें व दुसरें मेट्रोनोम या तालयंत्राचें होय. या मेल्झेलचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

हें चरित्र आठवण्यास एक लहानसें कारण घडलें. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांमध्यें एके दिवशीं मधल्या सुटींत मोठा वाद माजला. व्हिडिओ गेममध्यें जें संगीत वाजतें, तें विजेच्या यंत्रानें घडविलेलें असावें, कीं हाडामांसाच्या वादकांनीं वाजविलेलें असावें, हा त्या वादाचा विषय होता. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, यंत्राचा सूर तो सूरच नव्हे. त्यांत जीव नसतो. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, जुन्या खेळांतील यंत्राचे दोनचार सूर जर वर्षानुवर्षें कानांत घुमत राहतात, तर शंभर वादकांचा खटाटोप कशाला? शेवटीं न्यायाधीश म्हणून आम्हांस बोलावण्यांत आलें. आम्हीं त्या वेळीं निकाल दिला नाहीं. कारण हा वाद आजचा नसून दोनशें वर्षांहून जुना आहे, आणि तो एकाच मनुष्याच्या आयुष्यांत जणूं पुरा घडून गेलेला आहे. त्या मनुष्याजवळ एका पेटींत वाद्यवृंद होता व दुसऱ्या पेटींत खेळणारा गडी होता. त्याची हकीकत आधीं ऐकावी व मग निकाल ज्याचा त्यानें द्यावा, हें बरें.

योहान नेपोमुक मेल्झेल याचा जन्म १५ ऑगस्ट १७७२ रोजीं हल्लींच्या जर्मनींतील रेगेन्सबुर्ग या शहरीं झाला. हें शहर डॅन्यूब नदीच्या कांठीं आहे. त्याचा बाप उपासनामंदिरांतील मोठे ऑर्गन तयार करणारा कारागीर होता. हें वाद्य ज्यांनीं जवळून पाहिलें असेल, त्यांस ठाऊक आहे कीं, तें जितकें वाद्य आहे तितकेंच यंत्रही आहे. भात्यानें वारा भरावयाचा, पट्टी दाबली कीं झडप उघडावयाची, आणि वारा नळांत शिरून सूर उमटावयाचा, अशी त्याची रचना असते. अशा घरांत वाढलेल्या मुलाच्या एका कानांत संगीत व दुसऱ्या कानांत हातोडीचा आवाज पडत असल्यास नवल नाहीं. त्यानें दोन्ही विद्या संपादन केल्या, आणि १७९२ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, तो व्हिएन्ना या राजधानीस आला.

त्या काळीं व्हिएन्ना हें युरोपच्या संगीताचें माहेरघर होतें. मोझार्ट आदल्याच वर्षीं वारला होता. हेडन कीर्तीच्या शिखरावर होता. आणि बीथोव्हेन नांवाचा एक तरुण त्याच १७९२ सालीं बॉन शहराहून तेथें शिकण्यास आला होता. मेल्झेलनें प्रथम संगीताच्या शिकवण्या करून पोट भरलें. परंतु त्याचें मन रमे तें चाकें, कमानी व भाते यांत. त्या वेळच्या श्रीमंतांच्या घरीं आपोआप वाजणाऱ्या घड्याळांची मोठी हौस असे. हेडनसारख्या थोर पुरुषानें अशा घड्याळांसाठीं लहान लहान चिजा रचिल्या होत्या, आणि मोझार्टनेंही मरणापूर्वीं यंत्राच्या ऑर्गनसाठीं तीन रचना केल्या होत्या. म्हणजे यंत्रासाठीं रचना करण्यांत त्या थोर मंडळींस कमीपणा वाटत नव्हता, ही गोष्ट आमच्या वादी मुलांनीं ध्यानांत ठेवावी.

मेल्झेलनें मात्र घड्याळावर समाधान मानलें नाहीं. एका मोठ्या कपाटांत सबंध लष्करी वाद्यवृंद बसवावयाचा, असा त्यानें निश्चय केला. बरीच वर्षें खपून त्यानें जें यंत्र सिद्ध केलें, त्यास त्यानें पॅनहार्मोनिकॉन असें नांव दिलें. त्यांत बासऱ्या होत्या, तुताऱ्या होत्या, ढोल, झांजा व त्रिकोणी घंटा होत्या; आणि भात्याच्या वाऱ्यानें व कळींच्या ठोक्यानें हीं सर्व वाद्यें एकदम वाजत. वाजविणारा मात्र कोणीच दिसत नसे. त्यांतील मर्म एका लांकडी रुळांत होतें. रुळाच्या अंगावर हजारों बारीक खिळे ठोकलेले असत. रूळ सावकाश फिरूं लागला कीं एकेक खिळा एकेका कळीस उचली, आणि त्या त्या वाद्याचें तोंड उघडे. जेथें सूर लांबवावयाचा, तेथें टोंचणीसारख्या खिळ्याऐवजीं लांबट पट्टी बसविलेली असे. रूळ बदलला कीं चीज बदले. थोडक्यांत सांगावयाचें तर, त्या रुळांत सूर सांठविलेले नव्हते. कोणता सूर, केव्हां व किती वेळ वाजवावा, याच्या आज्ञा तेवढ्या सांठविलेल्या होत्या. ही गोष्ट लेखाच्या शेवटीं आम्हांस पुन्हां लागणार आहे.

पॅनहार्मोनिकॉन व्हिएन्नांत व मागाहून १८०७ सालीं पॅरिसांत दाखविण्यांत आलें, आणि लोक चकित झाले. पुढें मेल्झेलनें मनुष्याच्या आकाराचा एक यांत्रिक तुतारीवाला तयार केला. तो ऑस्ट्रियाच्या व फ्रान्सच्या घोडदळांचे इशारे व कूचगतें वाजवी. १८०८ सालीं मेल्झेलला ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या दरबारीं यंत्रज्ञाची जागा मिळाली. ऑर्गनवाल्याचा मुलगा राजवाड्यांत वावरूं लागला.

येथें त्याच्या दुसऱ्या पेटीची हकीकत सांगितली पाहिजे. केंपेलेन नांवाच्या एका सरदारानें १७६९ सालीं महाराणी मारिया टेरेसा हिच्या करमणुकीसाठीं बुद्धिबळ खेळणारें एक यंत्र केलें होतें. एका मोठ्या पेटीमागें तुर्की पोषाख घातलेला व पागोटें बांधलेला एक लांकडी पुतळा बसलेला असे. खेळापूर्वीं पेटीचीं दारें एकामागून एक उघडून आंतील चाकें प्रेक्षकांस दाखवीत. मग चावी देत, चाकें खडखडत, आणि तो तुर्क डाव्या हातानें मोहरें उचलून चांगल्या चांगल्या खेळाडूंस मात देई. १८०४ सालीं केंपेलेन वारला. त्यानंतर त्याच्या मुलाकडून मेल्झेलनें हें यंत्र विकत घेतलें. १८०९ सालीं नेपोलियन बादशहा व्हिएन्ना जिंकून शॉनब्रुन येथील राजवाड्यांत उतरला असतां त्या तुर्कापुढें खेळावयास बसला व हरला.

पण खरी गोष्ट निराळी होती. पेटींत एक जिवंत मनुष्य लपलेला असे. दारें उघडूं लागलीं कीं तो सरकत्या बैठकीवरून इकडून तिकडे सरके, आणि म्हणून कोणत्याही एका वेळीं दिसत नसे. पटावरील मोहऱ्यांत लोहचुंबक बसविलेले होते, त्यांवरून कोणतें मोहरें कोठें गेलें हें त्यास आंत कळे. एका मिणमिणत्या मेणबत्तीच्या उजेडांत, धुरानें कोंदटलेल्या त्या काळोख्या जागेंत बसून तो दांड्याच्या साह्यानें तुर्काचा हात हालवी. मेणबत्तीचा धूर तुर्काच्या पागोट्यांतून बाहेर जाई, आणि तो ओळखूं येऊं नये म्हणून पेटीजवळ आणखी मेणबत्त्या लावून ठेवीत. टाळ्या मिळत त्या लांकडाच्या पुतळ्यास. आंतला बुद्धिमान् मनुष्य मात्र घामानें निथळत निनांवी राही. मेल्झेलच्या दोन पेट्यांतील हा भेद वाचकांनीं नीट पाहावा. पहिली पेटी यंत्र होती व यंत्र म्हणूनच वाजे. दुसरी पेटी मनुष्य होती, पण ती यंत्राचें सोंग घेई.

आतां आपण त्याच्या आयुष्यांतील सर्वांत मोठ्या प्रसंगाकडे वळूं. बीथोव्हेन एव्हांना युरोपांतील पहिल्या प्रतीचा रचनाकार झाला होता. परंतु ज्या कानांवर त्याचें सर्व आयुष्य अवलंबून, तेच कान दिवसेंदिवस बंद होत चालले होते. मेल्झेलनें त्याच्यासाठीं १८१२ ते १८१४ च्या सुमारास धातूचे कर्णे तयार केले. अरुंद टोंक कानाशीं धरावयाचें व रुंद तोंड बोलणाऱ्याकडे करावयाचें, अशी त्यांची योजना होती. त्यांतले कांहीं कर्णे बॉन येथें बीथोव्हेनच्या जन्मघरीं जपून ठेविलेले आहेत. त्यांनीं त्याचें बहिरेपण गेलें नाहीं; तरी बुडत्यास दिलेला तो काडीचा आधार होता. मेल्झेलच्या कौशल्याचा याहून निर्मळ उपयोग आम्हांस त्याच्या चरित्रांत दुसरा दिसत नाहीं.

२१ जून १८१३ रोजीं स्पेनमध्यें व्हितोरिया येथें वेलिंग्टननें फ्रेंच सैन्याचा पराभव केला. ही बातमी व्हिएन्नांत येतांच मेल्झेलच्या कल्पक डोक्यांत एक बेत आला. बीथोव्हेननें या विजयावर पॅनहार्मोनिकॉनसाठीं एक रचना करावी, आणि दोघांनीं मिळून ती लंडनास नेऊन दाखवावी. इंग्रज लोक आनंदानें वेडे होतील. ढोलांचे व तुताऱ्यांचे इशारे, दोन्ही सैन्यांचीं कूचगतें, तोफांची गर्जना व शेवटीं इंग्रजांचें राष्ट्रगीत, असा आराखडा पुष्कळसा मेल्झेलनेंच घालून दिला, असें त्या वेळीं व्हिएन्नांत असलेल्या मोशेलेस या तरुण पियानोवादकानें पुढें लिहून ठेविलें आहे. बीथोव्हेननें रचना केली. म्हणजे ज्यास जगानें वाद्यवृंदाचा सम्राट् म्हटलें, त्यानें ही चीज प्रथम केली ती यंत्रासाठीं!

परंतु मेल्झेल जितका यंत्रज्ञ तितकाच व्यवहारी होता. लंडनला जाण्यास पैसा पाहिजे, आणि पैसा व्हिएन्नांत मिळावयाचा तर मोठा जलसा केला पाहिजे, हें त्यानें ओळखलें. त्यानें बीथोव्हेनला ती रचना जिवंत वादकांसाठीं पुन्हां लिहावयास लाविली. हानाउच्या लढाईंत जखमी झालेल्या ऑस्ट्रियन व बव्हेरियन शिपायांच्या मदतीसाठीं ८ डिसेंबर १८१३ रोजीं विश्वविद्यालयाच्या दिवाणखान्यांत जलसा ठरला. व्हिएन्नांतील नामांकित संगीतज्ञ मानापमान विसरून एके ठिकाणीं जमले. वृद्ध सालिएरीनें तोफांच्या आवाजाचें नियमन केलें, श्पोर व्हायोलिन घेऊन बसला, आणि हुमेल व मायरबेर यांच्यासारख्यांनीं ढोलाच्या काठ्या हातीं घेतल्या. बीथोव्हेन स्वतः संचालनास उभा होता, जरी त्यास हळुवार सूर ऐकूं येत नव्हते. त्याची सातवी सिंफनी त्या दिवशीं प्रथमच वाजली, आणि तिचा दुसरा भाग लोकांनीं पुन्हां वाजवावयास लाविला. मेल्झेलचा यांत्रिक तुतारीवालाही त्याच सभेंत होता. त्यानें दोन कूचगतें वाजविलीं व जिवंत वाद्यवृंदानें त्यास साथ दिली. यंत्र व मनुष्य एका व्यासपीठावर, आणि तेंही जखमींच्या सेवेसाठीं, असा तो प्रसंग होता. चार दिवसांनीं जलसा पुन्हां झाला, आणि मोठी रक्कम त्या धर्मकार्यास मिळाली.

येथवर सर्व गोड झालें. परंतु यशाबरोबर मालकीचा प्रश्न उभा राहिला. ती रचना कोणाची? ज्यानें सूर लिहिले त्याची, कीं ज्यानें कल्पना सुचविली व यंत्र पुढें केलें त्याची? मेल्झेलनें जाहिरातींत ती आपली मालमत्ता म्हटल्यामुळें बीथोव्हेन संतापला. १८१४ च्या आरंभीं बीथोव्हेननें मेल्झेलला बाजूस ठेवून आपले स्वतंत्र जलसे केले. आणि मेल्झेलनें वादकांच्या हातांतील पानांवरून ती रचना कशीबशी जुळवून म्यूनिक येथें वाजविली. बीथोव्हेननें व्हिएन्नाच्या न्यायालयांत फिर्याद लाविली. कालचे मित्र आज वादीप्रतिवादी झाले. दोघांच्याही म्हणण्यांत थोडें खरें होतें, आणि दोघांच्याही अंगीं समजूतदारपणा थोडा कमी होता, असें आम्हांस वाटतें.

म्यूनिकहून मेल्झेल हिंडत हिंडत हॉलंडांत अँमस्टरडॅम येथें गेला. तेथें विंकेल नांवाचा एक जर्मन यंत्रकार राहत असे. मेल्झेल बऱ्याच वर्षांपासून संगीताची लय मोजण्याचें यंत्र शोधीत होता. कारण जलद किंवा सावकाश असें लिहिल्यानें नक्की किती, हें वादकास कळत नाहीं. साध्या लोलकानें सावकाश ताल धरावयाचा तर त्याची दोरी फार लांब करावी लागते, ही मोठी अडचण होती. विंकेलनें १८१४ सालीं ती सोडविली होती. त्यानें दांडीच्या दोन्ही अंगांस, टेंकूच्या वर व खालीं, वजनें लाविलीं. त्यामुळें वीतभर दांडीही हव्या तितक्या सावकाश डुलूं लागली. वरचें वजन खालींवर सरकविलें कीं लय बदले. मेल्झेलनें हें पाहिलें, विकत मागितलें, आणि विंकेलनें नाकारिलें. तेव्हां त्यानें तीच युक्ति उचलली, तींत मिनिटास किती ठोके हें दाखविणारी आंकड्यांची पट्टी घातली, त्यास मेट्रोनोम हें नांव दिलें, आणि १८१५ सालीं पॅरिस व लंडन येथें स्वतःच्या नांवें पेटंट मिळविलें. पॅरिसांत कारखानाही निघाला. विंकेलनें दाद मागितली, आणि हॉलंडांतील विद्वानांच्या संस्थेनें चौकशी करून मूळ शोध त्याचाच असें ठरविलें. मेल्झेलचें श्रेय आंकड्यांच्या पट्टीपुरतें उरलें. परंतु तोंपर्यंत त्याच्या नांवाचें यंत्र युरोपभर पसरलें होतें. जगानें मेल्झेलचें अक्षर पुस्तकांत छापलें. विंकेलचें नांव आज शोधून काढावें लागतें.

१८१७ सालीं मेल्झेल व्हिएन्नांत परत आला. बीथोव्हेननें व त्यानें तडजोड केली, खटल्याचा खर्च निम्मानिम्मा वांटून घेतला आणि हात मिळविले. इतकेंच नव्हे, तर बीथोव्हेननें त्याच वर्षीं आपल्या पहिल्या आठही सिंफनींचे मेट्रोनोमचे आंकडे प्रसिद्ध केले. त्या आंकड्यांवरून वादक व पंडित अजूनही भांडतात. कित्येकांस ते फार जलद वाटतात. यावरून एक गोष्ट उघड होते. यंत्र ठोका देऊं शकतें. परंतु त्या ठोक्यांत श्वास कोठें घ्यावा, हें वादकासच ठरवावें लागतें. त्याच वर्षीं मेल्झेलनें तुर्क परत मिळविला. मध्यंतरीं त्यानें तो नेपोलियनचा सावत्र मुलगा यूजेन यास तीस हजार फ्रँकांस विकला होता. आतां तो उधारीवर घेतला, आणि ती उधारी त्याच्या मानेवर बसली.

कर्जाचा तगादा वाढला तेव्हां मेल्झेलनें युरोप सोडला आणि १८२६ च्या आरंभीं तो न्यूयॉर्कास उतरला. तेथें त्यानें तुर्काचा खेळ मांडला. त्याबरोबर तुतारीवाला होता, आणि मॉस्को शहराच्या दाहाचा एक हालता देखावाही होता. त्या देखाव्यांत घरें पेटत, पूल कोसळत, लहान लहान शिपाई चालत जात, घंटा व तोफा वाजत, आणि या सर्वांबरोबर यंत्राचें संगीत चाले. हालतें चित्र, युद्धाचा प्रसंग, संगीत, आणि शेजारीं खेळणारें यंत्र! आमच्या मुलांच्या हातांतील खेळाचे सर्व अवयव मेल्झेलच्या तंबोऱ्यावांचून जमलेल्या त्या मैफलींत सुटे सुटे मांडलेले होते, असें म्हटल्यास चालेल.

तुर्काच्या आंत बसण्यासाठीं मेल्झेलनें पॅरिसहून श्लुंबेर्गर नांवाचा निष्णात खेळाडू आणविला होता. १८२७ सालीं बाल्टिमोर येथें दोन मुलें एका छपरावर चढून बसलीं असतां, खेळ संपल्यावर मेल्झेलनें पेटीचें झांकण उघडलेलें व आंतून एक मनुष्य बाहेर आलेला त्यांनीं पाहिला. वर्तमानपत्रांत ही बातमी आली, परंतु बहुतेकांनीं तिच्यावर विश्वास ठेविला नाहीं. १८३६ सालीं एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकानें एक मोठा निबंध लिहून पेटींत मनुष्य असलाच पाहिजे असें प्रतिपादिलें. त्याचा निष्कर्ष खरा होता. पण त्याच्या कांहीं कारणांत चूक होती. खरें यंत्र असतें तर तें कधींच हरलें नसतें, असें एक कारण त्यानें दिलें होतें. त्यास काय ठाऊक कीं, पुढें खरोखरच बुद्धिबळ खेळणारीं यंत्रें निघतील, पुष्कळ वर्षें मनुष्यांकडून हार खातील, आणि १९९७ सालीं डीप ब्लू नांवाचा संगणक जगज्जेत्या कास्पारोव्ह यास हरवील!

मेल्झेलचा शेवट करुण झाला. पुढें तो आपला लवाजमा घेऊन क्यूबा बेटांतील हवाना शहरीं गेला. तेथें श्लुंबेर्गर पीतज्वरानें मरण पावला. ज्याच्या बुद्धीवर तुर्क जगत होता तोच गेला. मग चाकांनीं कितीही खडखडाट केला तरी उपयोग काय? खचलेला व कर्जानें वांकलेला मेल्झेल गलबतांत बसून फिलाडेल्फियाकडे परत निघाला, आणि २१ जुलै १८३८ रोजीं वाटेंतच वारला. त्याचा देह समुद्रास अर्पण करण्यांत आला. तुर्क पुढें फिलाडेल्फियांतील एका संग्रहालयांत धूळ खात पडला, आणि ५ जुलै १८५४ रोजीं आगींत जळून गेला.

पेट्या गेल्या, पण कल्पना मेली नाहीं. व्हिडिओ गेमच्या आरंभींच्या काळांत यंत्रांची स्मरणशक्ति इतकी तोकडी होती कीं, वाद्यवृंदाचें ध्वनिमुद्रण तींत मावणें शक्यच नव्हतें. म्हणून यंत्रांत सूर न भरतां सुरांच्या आज्ञा भरीत, आणि एक लहानशी चिप त्या आज्ञांवरून जागच्या जागीं सूर घडवी. हा मेल्झेलचा रूळच नव्हे काय? जपानांत १९८३ सालीं निघालेल्या फॅमिकॉम यंत्रांत आवाजाचे अवघे पांच मार्ग होते. तेवढ्यांतून कोजी कोंदो यानें १९८५ सालीं सुपर मारिओ ब्रदर्स या खेळाचें संगीत रचिलें, आणि तें जगभर मुलांच्या तोंडीं बसलें. १९८६ सालीं निघालेल्या ड्रॅगन क्वेस्ट या खेळाच्या संगीताची तर बीथोव्हेनच्या रचनेसारखीच गत झाली. कोइची सुगियामा यानें तें प्रथम यंत्रासाठीं लिहिलें, आणि १९८७ सालीं तोकियोंत जिवंत वाद्यवृंदानें तें जाहीर जलशांत वाजविलें. पुढें तबकड्यांत जागा वाढली, आणि २००७ सालच्या सुपर मारिओ गॅलॅक्सीमध्यें खऱ्या वाद्यवृंदाचे सूर आले. परंतु मुद्रित वाद्यवृंदासही एक मर्यादा आहे. तो जसा वाजला तसाच पुन्हां वाजतो. आज्ञांवरून वाजणारें संगीत मात्र खेळणाऱ्याच्या चालीप्रमाणें जागच्या जागीं वळवितां येतें. १९९१ सालीं अमेरिकेंतील लुकासआर्ट्स कंपनीच्या संगीतज्ञांनीं ही युक्ति चांगलीच साधली. तेव्हां यंत्रांत एक गुण आहे व वादकांत दुसरा आहे. वादक एकमेकांचें ऐकतात, आणि ऐकतां ऐकतां आपला सूर बदलतात. रुळास कान नसतात.

आतां आमच्या न्यायालयाचा निकाल. यंत्राचें संगीत म्हणून त्याचा तिरस्कार करूं नये. आपल्या उपासनेंतील बाजाची पेटी तरी भाता, पट्ट्या व कळा यांचें यंत्रच आहे, आणि तिच्या सुरावर देवाची स्तुति मनोभावें होते. त्या रुळावरील प्रत्येक खिळा कोणी तरी माणसानेंच ठोकलेला होता, आणि त्या पांच मार्गांतील प्रत्येक सूर कोणी तरी रात्र जागून बसविलेला होता. खरा प्रश्न यंत्र कीं मनुष्य, हा नसून, पेटींत कोण आहे हें आपण खरेपणानें सांगतों कीं नाहीं, हा आहे. मेल्झेलचें बहिऱ्यासाठीं केलेलें कर्णयंत्र व जखमींसाठीं केलेला जलसा हीं त्याचीं भूषणें होत. श्लुंबेर्गरला काळोखांत लपविणें व विंकेलचें नांव पुसणें हे त्याच्यावरील डाग होत. देवानें त्यास भरपूर दिलें होतें. दुसऱ्याचें घेण्याची त्यास गरज नव्हती.

हा डाग केवळ मेल्झेलचा नव्हे. तुर्काच्या पेटींत यंत्राच्या नांवाखालीं मनुष्य लपला होता. आज कांहीं विद्यार्थी संगणकाकडून निबंध लिहवून घेऊन त्यावर आपलें नांव घालतात, तेव्हां मनुष्याच्या नांवाखालीं यंत्र लपतें. सोंग उलटें झालें, पण सोंगच. आम्ही पालकांसही विनंति करितों कीं, मुलाच्या टाळ्या ऐकण्याआधीं त्यांनीं एकदां पेटीचें दार उघडून पाहावें. आणि मुलांस इतकेंच सांगतों कीं, मेट्रोनोमवर सराव अवश्य करा. पण सभेंत बसल्यावर तो बंद करून शेजारच्याचा सूर ऐका. आपल्या हातून जें घडलें त्याखालीं आपलें नांव घाला, आणि ज्यानें साह्य केलें त्याचें नांव आपल्या नांवाशेजारीं लिहा. दोनशें वर्षांपूर्वीं एका मनुष्यानें हें लिहिलें असतें, तर आज संगीताच्या पुस्तकांत एम् अक्षराजवळ विंकेलचेंही अक्षर दिसलें असतें.